न चाललेले तीन किलोमीटर

९ जानेवारी २०२५

आज चारुदत्त माझ्या तावडीत सापडला. चौतीस वर्षं वाट पाहिली.

दुपारी गोटाझरीच्या सरपंच विमलताई यवतमाळला माझ्या घरी आल्या, पिशवीभर तुरीच्या शेंगा घेऊन. गोटाझरी घाटंजीच्या पुढे, आत. गेल्या महिन्यात तिथं रस्त्यासाठी टेकडी कापली, तर आतून काळे दगडी खांब निघाले, सहा-सहा बाजूंचे, सुतारानं तासल्यासारखे. लोकांनी नारळ फोडले, हळदकुंकू वाहिलं, पेपरात फोटो आला. मग कोणीतरी नागपूरहून चारुदत्तला, माझ्या जुन्या साहेबाला, बोलावलं. तो म्हणाला, हा थंड झालेला लाव्हा आहे. आणि तुमच्या गावाखालून अशाच दगडाची एक भिंत जाते, तिला टेकून विहीर खणा, उन्हाळाभर पाणी राहील. भिंत मी शोधली, हा पाहा माझा नकाशा.

माझा नकाशा!

विमलताईंनी त्याची झेरॉक्स टेबलावर पसरली. "तुमी बी त्याच ऑफिसात होत्या म्हणे. नकाशा खरा हाय ना बाई? गाव सोताच्या मेहनतीनं खंदनार हाय. तीन मयने लोकं राबतीन, म्हणून इचारून राह्यली."

त्यांचं बोट जिथं होतं ती जागा मी ओळखली. नवव्या आणि बाराव्या किलोमीटरच्या मधली.

"सरांचा नकाशा आहे," मी म्हणाले. "त्यावर मी काय बोलणार?"

खोटं एक अक्षर बोलले नाही.

१० जानेवारी

सगळं नीट लिहून ठेवते. उद्या कोणी विचारलं तर हाताशी हवं.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या, त्यांतून लाव्हा वर आला, पसरला, निवला. पुन्हा आला, पुन्हा निवला. पोळीवर पोळी रचावी तसा आपला मुलूख रचला गेला. पण काही लाव्हा वर पोचलाच नाही. भेगेतच अडकला, तिथंच गोठला. तीच ही जमिनीखालची भिंत. आजूबाजूच्या दगडाहून टणक. उतारावरून मुरत येणारं पाणी तिला अडतं, म्हणून भिंतीच्या वरच्या अंगाला विहिरी भरलेल्या आणि खालच्या अंगाला कोरड्या.

१९९१ साली मी सत्तावीस वर्षांची होते, भूजलाच्या सरकारी ऑफिसातली एकटी बाई. विहिरी मोजता मोजता माझ्या लक्षात आलं होतं की भरलेल्या आणि कोरड्या विहिरींमधून एक सरळ रेघ जाते. १९९०च्या डिसेंबरपासून पुढच्या मार्चपर्यंत मी ती रेघ पायी चालले. हातोडी, होकायंत्र, आणि भिंतीवर आलं की काटा हलवणारं चुंबकमापक. रात्री मुक्काम कधी शाळेत, कधी कोणाच्या ओसरीवर. चौदा किलोमीटरची भिंत मी कागदावर आणली. चारुदत्त माझा साहेब. म्हणाला, "सुनीती, ठेव इथं, बघतो." काही महिन्यांनी नकाशा छापून आला. खाली एकच नाव. पुढे त्याला त्याच नकाशावर डॉक्टरेट मिळाली, तो प्राध्यापक झाला. मी तेव्हा तक्रार केली नाही, कारण कोणापुढे करायची तेच कळलं नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी तांत्रिक सहायकच राहून निवृत्त झाले.

पण त्या चौदापैकी तीन किलोमीटर मी चाललेच नव्हते. वडिलांची तार आली होती, पाहायला येणार आहेत, निघून ये. गेले. त्या लोकांना मुलगी काळी वाटली. परत आले तोवर जीप परत गेली होती. मग नऊ ते बारा मी अंदाजानं, तुटक रेघेनं दाखवले. त्या माणसानं तुटक रेघ सलग केली आणि आपली म्हणून छापली. माझ्या वहीत स्पष्ट आहे: "१९ मार्च १९९१. किमी ९ ते १२ चालले नाही. रेघ अंदाजे."

आता त्या जागी विहीर खणली आणि भिंत लागली नाही, तर? नकाशा कोणाचा, हे ती कोरडी विहीरच सांगेल. ज्यानं चोरी केली त्याला चुकाही चोराव्या लागतात.

लागली तर? तसंही होऊ शकतं. मग मी गप्पच राहीन.

२६ जानेवारी

गोटाझरीला जाऊन आले. झेंडावंदनानंतर शाळेच्या पटांगणात सत्कार. शाल, श्रीफळ, पोरींचं स्वागतगीत. तो म्हातारा झालाय, काठी घेतो, पण आवाज तसाच. मी तिसऱ्या रांगेत. भाषण संपल्यावर त्याची नजर पडली.

"अरे, सुनीती! ही आमच्या ऑफिसात होती बरं का. नकाशे फार सुबक काढायची."

सुबक. हा शब्द मी घरी येईपर्यंत एस.टी.त चघळत होते.

मग किसनरावांच्या शेतात गेलो. त्यांनी विहिरीसाठी कपाशीची पऱ्हाटी उपटून शेताचा कोपरा मोकळा करून दिलाय. चारुदत्तनं काठीनं गोल आखला. "इथं. चाळीस फुटांच्या आत भिंत लागेल." बायकांनी पहिली कुदळ मारली. विमलताईंनी एक कुदळ माझ्याही हाती दिली.

मी मारली.

१६ फेब्रुवारी

अकरा फूट. मुरूम संपला, काळा खडक लागला. गावातले सगळे पाळीपाळीनं येतात, बायका जास्त. पाण्याला दोन किलोमीटर त्याच जातात, म्हणून असेल. सुरुंगाचं काम लखीरामकडे. तो शेजारच्या बंजारा तांड्यावरचा, आयुष्य विहिरींत गेलेलं. दगडावर पहार आपटून आवाज ऐकतो आणि सांगतो आत भेग आहे की नाही.

त्यानं मला हळूच विचारलं, "बाई, दगड लय मुका हाय इथचा. पान्याजोळचा दगड असा नसते. तुमाले काय वाटते?"

"सरांना फोन करा," मी म्हटलं.

विमलताईंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. भाकर, बेसनाच्या पातोडीची भाजी, वर सांबार, म्हणजे कोथिंबीर. चार घास जास्तच गेले.

९ मार्च

तेवीस फूट. कोरडं. दगडातून धूळ निघते, ओल नाही.

विमलताईंनी माझ्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर. तिकडून चारुदत्त म्हणाला, "नकाशावर माझा पूर्ण विश्वास आहे. अजून दहा-पंधरा फूट जा. थांबू नका."

माझ्या अंगावर काटा आला. आनंदानंच. हेच शब्द मला हवे होते, आणि ऐकायला दहा माणसं होती.

परत येताना एक बाई बांधावर बसून तळहातावरचे फोड सुईनं फोडत होती. पाहिलं. पुढे गेले. सांगितलं असतं तर काय झालं असतं? सगळे म्हणाले असते, साहेबावर जळते. तेव्हाही हेच म्हणाले असते.

१९ मार्च

आज मी तिथंच होते. चौतीस फूट. खडक फुटेना म्हणून लखीरामनं भोकं वाढवली, दारू जास्त भरली. पाच सुरुंग उडाले, सहावा उडालाच नाही. अर्धा तास थांबून तो पाहायला उतरला. त्याच वेळी सुरुंग फुटला.

डाव्या डोळ्यात कपची घुसली. वर काढलं तेव्हा तो ओरडत नव्हता, फक्त विचारत होता, "पानी लागलं का?" यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. डोळा जाणार म्हणतात.

असं कोणत्याही विहिरीवर होतं. सुरुंग आहे, होणारच. जागा बरोबर असती तरी सहावा सुरुंग असाच राहिला असता.

जागा बरोबर असती तर वीस फुटांवर पाणी लागलं असतं आणि चौतीस फुटांचा सुरुंग भरावाच लागला नसता, हे मला कळतं. पण ते चारुदत्तनं ऐकायचं आहे, मी नाही.

२१ मार्च

डोळा गेला.

दवाखान्यात गेले होते, आत गेले नाही. लखीरामची बायको व्हरांड्यात बसली होती. तिनं माझ्यासाठी बाकावर जागा केली. मी पाच मिनिटं बसले आणि औषधाच्या दुकानात जाते सांगून निघाले.

आता तर सोडायचं नाही. आधी माझं एकटीचं होतं. आता त्यात लखीरामचा डोळाही आहे.

२ एप्रिल

एक्केचाळीस फूट. कोरडी. विमलताईंनी काम थांबवलं. रविवारी चारुदत्तांना गावात बोलावलंय, जाब द्यायला. निशिगंधा म्हणून पेपरची एक मुलगी आहे, खांबांची बातमी तिनंच केली होती. मी तिला फोन केला. "रविवारी ये. नुसती विहीर नाही, चोरी पाहायला मिळेल."

वही कपाटातून काढली. पानं पिवळी पडलीत, पण शाई जशीच्या तशी आहे.

६ एप्रिल

कुठून सुरू करू.

शंभरेक माणसं होती. लखीराम डोळ्याला पट्टी बांधून पुढे बसलेला. चारुदत्त खुर्चीत. विमलताईंनी विचारलं, "सर, भित कोठी हाय?" तो म्हणाला, "मला कळत नाही. नकाशाप्रमाणे ती इथंच हवी."

मी उठले. घरी आरशासमोर घोकलेलं सगळं बोलले. हा नकाशा यांचा नाही, माझा आहे. मी चार महिने चालले, यांनी एक पाऊल टाकलं नाही. पुरावा हवा? ही विहीर पुरावा. या तीन किलोमीटरमध्ये मी चालले नव्हते, इथली रेघ मी अंदाजानं तुटक काढली होती. यांनी ती न पाहता सलग केली आणि स्वतःच्या नावावर छापली. मग वहीतलं पान मोठ्यानं वाचलं. निशिगंधानं त्याचा फोटो घेतला. चौतीस वर्षांत इतकं मोकळं कधी वाटलं नव्हतं.

मला वाटलं तो नाकारेल. त्यानं नाकारावं, असंच मला हवं होतं.

तो म्हणाला, "खरं आहे. नकाशा सुनीतीचा आहे. मी तिचं नाव काढून टाकलं. तो माझा गुन्हा, आणि तो मला रोज आठवतो असं म्हटलं तर तेही खोटं होईल. मी विसरलो होतो."

मग पिशवीतून त्यानं एक गुंडाळी काढली. माझा मूळ नकाशा. ट्रेसिंग पेपरवरचा, माझ्या अक्षरातला, खाली माझी सही. जपून ठेवला होता त्यानं.

"पण सुनीती, ही रेघ बघ. नऊ ते बारा. तू मला दिली तेव्हा सलगच होती. मी तुझं काम कधी तपासलं नाही. गरजच वाटली नाही."

मी पाहिलं. सलग होती. माझ्याच शाईची. पाहिलं आणि आठवलं: ऑफिसातली दुपार, पट्टी, आणि मनात एकच गोष्ट. मुलगी काळी म्हणून परत पाठवली, आता नकाशाही अर्धवट म्हणून परत यायला नको. वहीत खरं लिहिलं आणि नकाशात नाही. इतकी वर्षं मी तुटक रेघ आठवत होते. शपथेवर सांगितली असती.

तरीही मी काही बोलले असते. पण विमलताई उठल्या. चारुदत्तकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"म्हंजे जानेवारीत मी तुमच्या घरी आल्ती तवा तुमाले माहीत होतं?"

"विमलताई, ऐका..."

"हो का नाई, तेवळं सांगा."

"हो."

"फेब्रुवारीत आमच्या घरी जेवल्या, तवा?"

"हो."

"याचा डोळा गेला त्या दिवशी बी?"

कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. लखीराम फक्त उठला आणि उरलेल्या डोळ्यानं मला नीट पाहून तांड्याकडे चालू लागला. त्याच्यामागून बायका उठल्या. मंडपात शेवटी मी, चारुदत्त आणि निशिगंधा उरलो. तिनं आपली टिपणवही मिटून पर्समध्ये ठेवली. "मॅडम, बातमी कोणावर करू?" म्हणाली.

८ एप्रिल

बातमी आली. मथळ्यात दोघांचीही नावं नाहीत. "तज्ज्ञांच्या भांडणात गाव तहानलेलं."

माझा राग गेलेला नाही, हे इथं लिहून ठेवते. त्यानं चोरलं. त्यानं विसरून जाणं तर चोरीहून वाईट. पण आता राग आला की आधी पट्टी बांधलेला चेहरा समोर येतो, आणि पुढे काही सुचत नाही.

१५ एप्रिल

नववा किलोमीटर. आज चालले.

पहाटेच्या एस.टी.नं घाटंजी, तिथून रिक्षा. गुडघ्यांना पट्टे. चुंबकमापक ओळखीच्या कॉलेजातून आणला. माहीत असलेल्या शेवटच्या खुणेपासून पावलं मोजत निघाले. चारशे मीटरपर्यंत भिंत पायाखाली होती, काटा सांगत होता. मग एकदम संपली. जणू कोणी तिथून पुढे बांधायचं सोडून दिलं. दहा वाजताच उन्हानं चक्कर आली.

१८ एप्रिल

तीन दिवस उजवीकडे-डावीकडे आडवं चालत होते, शेतात वखर फिरवावा तसं. आज सापडली! पूर्वेला साडेतीनशे मीटरवर, नाल्याच्या काठी. लाव्ह्याला वर यायला सरळ भेग मिळाली नाही, एक बंद झाली तेव्हा तो शेजारची धरून वर आला. नाल्यानं माती खाल्लीय तिथं दगड उघडा आहे. रस्त्याच्या टेकडीत खांब उभे आहेत, कारण तो लाव्हा जमिनीवर पसरून निवला. इथं आडवे, चुलीमागं रचलेल्या लाकडांसारखे. भिंत दोन्ही बाजूंनी निवते, म्हणून तिचे खांब आडवेच असतात.

सत्ताविसाव्या वर्षी मागे राहिलं ते हे एवढं चार दिवसांचं काम. जीप परत गेली म्हणून ते राहिलं, असं मी वर लिहिलं होतं. आजही जीप नव्हतीच.

२० एप्रिल

विमलताईंकडे गेले. त्यांनी आत बोलावलं नाही, मी अंगणातूनच सांगितलं. भिंत कुठं आहे, कशी ओळखली, वरच्या अंगाला कुठं खणायचं. त्या तांदूळ निवडत राहिल्या.

"चारुदत्त सरांनी बी फोन केल्ता," त्या म्हणाल्या. "म्हनते, सुनीती दाखवन तेच खरं. तुमी दोघं एकमेकायले सर्टिफिकेट देऊन राह्यले. आमी काय करावं?"

"एकदा विश्वास ठेवा."

"ठेवला होता ना व बाई."

मग त्यांनी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. "खंदतो. पन एक अट हाय. सुरुंग भराच्या आंधी दरवेळी तुमी खाली उतराचं. दगड पाहाचा, हात लावाचा, खालूनच सांगाचं, पुढं जा का नाई. वर धुऱ्याबांधावर उभं राहून नाई. रोज."

"माझे गुडघे..."

"क्रेनच्या बादलीत बसाचं. लखीराम बी बसते."

"लखीराम? तो पुन्हा येणार?"

"त्याले दुसरं कोनतं काम येते?"

हा सूड आहे, मला कळतो. मला सगळ्यांपेक्षा चांगला कळतो.

५ मे

नवी विहीर, तेरा फूट. आज सातव्यांदा उतरले. बादली गोल फिरते. वर बायका कडेला उभ्या राहून पाहतात, कोणी हसत नाही. खाली लखीराम आणि मी. तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. "हे पाहा. हो म्हना का नाई." मी दगड पाहते, भेग पाहते, हो म्हणते, तेव्हाच तो भोकं मारायला घेतो. प्रत्येक "हो"आधी दगडावरून पुन्हा एकदा हात फिरवते. ऑफिसात छत्तीस वर्षं काढली. कागदावर सही करताना कधी असं केलं नाही.

११ मे

टपालानं चारुदत्तचं पत्र आणि एका संशोधन-पत्रिकेला पाठवलेल्या दुरुस्तीची प्रत. "सदर नकाशा संपूर्णतः श्रीमती सुनीती यांनी तयार केलेला असून माझे नाव त्यावर अन्यायाने छापले गेले. तसेच किमी ९ ते १२ मधील भित्तीची रेषा त्यांनी प्रत्यक्ष पाहणी न करता दर्शवली होती."

माझं नाव पहिल्यांदा छापून येणार, आणि त्याच परिच्छेदात माझी चूक. एक शब्दही खोटा नाही. तीन वेळा वाचलं, खोडायला काही सापडेना. पत्रात लिहिलंय, "अजून काही जोडायचं असेल तर कळव." कळवणार नाही. त्याला उत्तराचं सुख मी देणार नाही.

२३ मे

तेवीस फूट. सकाळी खाली उतरलो तेव्हा पूर्वेच्या बाजूला भिंत उघडी पडली होती. काळी, गुळगुळीत, आडव्या खांबांची. ती आणि बाजूचा दगड यांच्या सांध्यात बोटभर पट्टा आहे. लाव्हा तिथं इतका झटपट निवला की काचेसारखा झाला, आणि नंतर चिरला. मी हात लावला. गार. बोटं ओली झाली.

लखीरामनं त्या सांध्यात पहार घातली, अंगाचा भार टाकला. एक चकती निघाली आणि तिच्यामागून पाणी आलं. धार नव्हे, पण थांबलं नाही. माझ्या चपलांखाली आलं, मग चपलांवरून.

मी वर तोंड करून ओरडले, "पाणी लागलं!"

वर कडेला वीस-पंचवीस डोकी होती. कोणी हललं नाही. विमलताईंचा आवाज आला, "लखीराम, काय हाय रे?"

लखीराम खाली बसला. ओंजळ भरली, उजव्या डोळ्याजवळ नेऊन पाहिली, प्याला, चूळ थुंकली, पुन्हा प्याला. मग म्हणाला, "हाय. गोड हाय."

तेव्हा वर एकच गलका झाला.

बादली आधी पाणी भरून वर गेली. मला दुसऱ्या खेपेला काढलं.